कोरसचं गाणं कोणी कापलं?

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर आणि तिच्याबरोबर उभ्या राहणाऱ्या अकरा जणांवर. कधी? २००७ सालच्या जूनमधल्या पहिल्या गुरुवारी, संध्याकाळच्या तालमीत, कॉफीच्या सुट्टीनंतर लगेच. कुठे? जर्मनीतल्या येना गावाबाहेर, चुनखडीच्या एका बंद खाणीत. काय झालं? एका बाईंनी कानामागची पेन्सिल काढली आणि बारा जणांच्या तोंडचं आख्खं गाणं आडव्या रेघेनं कापलं. मी साक्षीदार आहे. खाणीच्या वरच्या पायरीवर बसून मी चेरी खात होते, तिची बी थुंकायचं विसरून गिळली.

नागपूरला परतल्यापासून आमच्या पथनाट्य संघटनेतल्या मुली विचारतायत, जर्मनीत काय पाहिलंस. त्यांना किल्ले हवेत, बर्फ हवा. जूनमध्ये बर्फ नसतो आणि किल्ल्यांवर पुस्तकं पुष्कळ आहेत. कोरसवर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते.

वाइमारला गाडी बदलून

फ्रँकफर्टच्या विमानतळावर दादा घ्यायला आला होता. सिद्धार्थदादा येनात भिंगांच्या संशोधन संस्थेत काम करतो. केसाच्या जाडीला तो ढोबळ माप म्हणतो. तिथं गेल्यापासून त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे एक जर्मन खडा लागतो. वहिनी कशी आहे विचारलं तर म्हणाला, "आल्झो, चांगली आहे. नाटकात आहे."

नाटकात? संगीतावहिनी? लग्नाआधी ती नागपूरला शाळेत इतिहास शिकवायची, हे खरं. वर्गात तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. पण तीन वर्षांपूर्वी दादामागोमाग येनाला गेली ती गप्प झाली होती, हे मला तिकडे पोचल्यावर कळलं.

वाइमारला गाडी बदलून आम्ही येनाला उतरलो. गाव छोटं, मधोमध एक उंच गोल मनोरा, चारी बाजूंना पांढऱ्या दगडाचे डोंगर, खाली झाले नावाची नदी. गावातल्या एका स्टेशनाचं नाव पाराडीस, म्हणजे स्वर्ग. जर्मनांना यात काही गंमत वाटत नाही. 'स्वर्गात उतरा आणि चार नंबरची ट्राम पकडा' असं ते गंभीरपणे सांगतात.

दुसऱ्या दिवशी वहिनीबरोबर भाजी आणायला गेले. तेव्हा तिथे पांढऱ्या श्पार्गेलचा मोसम होता. ही एक फिकट, कोंबासारखी भाजी. तिच्यापायी सगळा देश वेडा होतो, आणि चवीला ती उकडलेल्या पाण्यासारखी लागते. वहिनीनं भाजीवाल्या बाईला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. माझी भाची सुजू, वय वर्षं सहा, लगेच मोठ्यानं म्हणाली, "नाइन, मामा," म्हणजे 'नाही, आई', आणि आईचं वाक्य दुरुस्त करून दिलं. भाजीवाली कौतुकानं हसली. वहिनीनंही हसून पुढच्या भाजीकडे नुसतं बोट दाखवलं. मी सुजूला मराठीत झापलं. तिला सगळं कळलं. उत्तर जर्मनमध्ये दिलं.

घरी येताना वहिनी म्हणाली, "तिची काय चूक? तिला चुकीचं ऐकवत नाही." मग जरा खुलली. "पण कोरसमध्ये मी मोठ्यानं बोलते. खरंच, घसा फाडून. बारा जणांत एक आवाज जरा चुकला तर कोणाच्या बापाला कळतंय?"

तीन वर्षांत ती मोठ्यानं जर्मन बोलायची ती फक्त तिथेच.

गुरुवार, खाण

खाण म्हणजे डोंगराच्या पोटातून कापून काढलेली अर्धी वाटी. पांढरा दगड, फटींमधून उगवलेलं रानगवत, उतारावर लाकडी फळ्यांच्या पायऱ्या आणि तळाशी सपाट गोल. गावातल्या हौशी मंडळींचं नाट्यमंडळ दर उन्हाळ्यात तिथे एक नाटक करतं. या वर्षी जुनी ग्रीक शोकांतिका होती. नाव सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. राजा हट्टी असतो, लोक समजावतात, तो ऐकत नाही, शेवटी घर रिकामं होतं. प्रेक्षकांना हे सगळं घरून निघतानाच माहीत असतं. तरी ते येतात, दगडावर बसतात आणि रडून हलके होऊन जातात. आपल्याकडे शेवट माहीत असला तर लोक पैसे परत मागतील.

दिग्दर्शिका फ्राऊ, म्हणजे श्रीमती, होफमान. निवृत्त शिक्षिका, ग्रीक आणि लॅटिन शिकवायच्या. पांढरे आखूड केस, कानामागे पेन्सिल. मी वहिनीची नणंद आणि भारतात पथनाट्यं करते असं कळल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि सावकाश इंग्रजीत सगळं मुळापासून सांगितलं.

मुळात नाटक नव्हतंच, त्या म्हणाल्या. दारूच्या देवाचा वसंतातला उत्सव. पन्नास माणसं गोल धरून नाचत आणि देवाचं गाणं म्हणत. शोकांतिकेच्या ग्रीक शब्दाचा अर्थच बोकडाचं गाणं. बोकड बक्षीस होता, बळी होता की नाचणारे बोकडाचं कातडं पांघरत, यावर पंडितांचं अजून भांडण चालू आहे. मी म्हटलं, आमच्याकडे बोकडाचं काय झालं याबद्दल संध्याकाळपर्यंत कोणाला शंका उरत नाही. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. मग एक दिवस त्या गोलातला एक जण बाहेर पडला, बाकीच्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यांना उत्तर देऊ लागला. तो जगातला पहिला नट. ग्रीकमध्ये नटाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'उत्तर देणारा' असाच होता, असं बरेच जण मानतात.

हे ऐकून मी फळीवरून उठलेच. अहो, हा तर आपला जलसा! शाहीर पुढे, डफ हातात, मागे त्याची ओळ उचलणारे झीलकरी. शाहीरही आधी मागच्यांतलाच कोणीतरी असतो. एक दिवस एक पाऊल पुढे टाकतो. ग्रीकांनी हे शोधलं म्हणून जग टाळ्या वाजवतं आणि आमच्या वस्तीत रोज होतं त्याची कोणी दखल घेत नाही.

फ्राऊ होफमाननी हे शांतपणे ऐकून घेतलं. पुढची कथा मात्र वाईट आहे, त्या म्हणाल्या. पहिल्या नटानंतर दुसरा आला, मग तिसरा. ते एकमेकांशीच बोलायला लागले. कोरस पन्नासांचा बारा-पंधरांवर आला. त्याची गाणी आखूड झाली, आणि शेवटी तर दोन प्रसंगांमध्ये वेळ काढायला कुठलंही गाणं चालायला लागलं. ज्यांच्या अंगणात नाटक जन्मलं त्यांनाच ओसरीवर बसवलं. मी मनात लगेच मथळा जुळवला.

बारा जण तालमीला उभे राहिले. वहिनी सगळ्यात बुटकी, उजव्या टोकाला. डावीकडे हेर (तिकडचं श्रीयुत) लांगे, कोरसचे म्होरके. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या. ते पहिला शब्द उचलत आणि बाकीचे त्यात पडत. तिसरं गाणं सुरू झालं. राजाला समजावणारं. मला एक अक्षर कळलं नाही, पण वहिनीच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

मग कॉफी. मग ती पेन्सिल.

तिसरं गाणं रद्द, फ्राऊ होफमान म्हणाल्या. प्रयोग लांबतोय, लोकांना शेवटची ट्राम मिळायला हवी. त्या जागी कोरसनं नुसतं गुणगुणावं. मी कारण विचारलं तर त्यांनी एका जुन्या ग्रीक पंडिताचा दाखला दिला. त्यानं म्हणे शोकांतिकेचे सहा घटक सांगून ठेवलेत: पहिलं कथानक, मग स्वभाव, विचार, भाषा, पाचवं गाणं आणि सहावं देखावा. कापायचं तर खालून कापावं.

"मग देखावा आधी कापा," मी म्हटलं.

"राजाचा झगा शिवून झालाय," त्या म्हणाल्या.

म्हणजे गाणं घरातल्या थोरल्या लेकीसारखं, जन्मानं पहिलं आणि पंगतीत पाचवं! घरोघरी असंच चालतं, पण निदान तिथे कोणी पंडिताचा दाखला देत नाही. मी कोरसकडे पाहिलं. आता उठतील, आता बोलतील. बाराही जणांनी पिशवीतून पेन्सिली काढल्या आणि आपापल्या प्रतीत सरळ रेघ मारली. दोघांनी पट्टी लावून.

ट्राममध्ये वहिनी म्हणाली, "बरं झालं, पाठांतर वाचलं." आणि प्रत पिशवीत सगळ्यात खाली सारली.

शुक्रवार, पत्रक

मी काय केलं असेल हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. पत्रक लिहिलं.

सकाळी दादाच्या कार्डावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि तो सहा घटकवाला पंडित इंग्रजीतून उघडला. आणि काय सापडलं? त्याच माणसानं पुढे स्वच्छ लिहून ठेवलंय की कोरसला नटांपैकीच एक मानावं, नाटकाचा भाग मानावं. फ्राऊ होफमाननी हे मला सांगितलं नव्हतं. मी टेबलावर मूठ आपटली. ग्रंथालयातल्या तीन जणांनी वर पाहिलं आणि चौथ्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

पत्रकाचं शीर्षक: कोरस गुणगुणणार नाही! खाली मागण्या. पहिलीच होती, 'गाणं का कापलं त्याची खरी कारणं सर्वांसमोर जाहीर करा.' ही आमची नेहमीची पहिली मागणी. ती कोणीच कधी मान्य करत नाही, त्यामुळे पुढचं आंदोलन सोपं जातं.

संध्याकाळी दादानं मजकूर वाचला आणि डोकं धरलं. इथे असं पत्रक वाटायला आधी परवानगी लागते, म्हणाला. कोणाची, विचारलं तर त्यानं ऑर्डनुंग्सआम्ट असं काहीतरी नाव घेतलं. ते सुव्यवस्थेचं सरकारी ऑफिस. मी विचारलं, उद्याच्या जेवणाला बारा माणसांना एका बागेत द्यायलाही? याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं. जर्मनीत उत्तर माहीत नसणं हे दादाला सहन होत नाही, म्हणून तो जर्मन भाषांतर करायला लागला. शिवाय त्यानं माझी चार उद्गारचिन्हं काढली.

वहिनीला सांगायचं का, असं त्यानं मध्ये विचारलं. मी म्हटलं, तिच्यासाठीच तर करतोय. तिला सरप्राइज.

शनिवार, हेर लांगेंची बाग

गावाच्या कडेला लोकांच्या भाड्याच्या चिमुकल्या बागा असतात. प्रत्येकीत एक खोपटं, चार वाफे, एक सफरचंदाचं झाड, आणि कुंपण किती उंच असावं याचे नियम. हेर लांगेंनी कोरसला तिथे जेवायला बोलावलं होतं. कोळशावर लांबलचक सॉसेजेस, त्यांवर मोहरीची तिखट नसलेली चटणी. वहिनीनं सावजी रस्सा करून नेला होता. बटाट्याचे जे पांढरे गोळे तिथे आवडीनं खातात, क्लोसे, ते तिनं रश्श्यात सोडले. हेर लांगेंनी पहिला घास घेतला, मिशा पुसल्या, डोळे पुसले आणि ताट पुन्हा पुढे केलं. फ्राऊ होफमान नव्हत्या. वेळ उत्तम होती. मी पत्रकं वाटली.

आता आपल्याकडे पत्रकाचं काय होतं? माणूस शीर्षक वाचतो, मान डोलावतो, घडी घालून खिशात ठेवतो, संध्याकाळी त्यात शेंगदाणे येतात. पत्रक लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण जर्मन माणूस वाचतो हो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चष्मा काढून पुसतो आणि पुन्हा वाचतो. बागेत इतकी शांतता झाली की सॉसेजची चरबी निखाऱ्यावर पडल्याचं ऐकू यायला लागलं. औषधांच्या दुकानातल्या एका बाईंनी विचारलं, ग्रीक पंडिताचं म्हणणं कितव्या पानावर आहे. वहिनी माझ्याकडे बघत होती. ही कुठल्या थराला गेली आहे असं काहीसं.

हेर लांगेंनी पत्रक गुडघ्यावर ठेवलं. पहिली मागणी रास्त आहे, असं म्हणाले. मग उभे राहिले आणि ती तिथल्या तिथे पूर्ण केली.

दादा माझ्या कानात भाषांतर करत होता. ट्रामचं कारण खरं नाही, शनिवारी ट्राम उशिरापर्यंत असते. फ्राऊ होफमानना कोणाला दुखवायचं नव्हतं. कोरस एका आवाजात संपत नाही. कारण... आणि दादा थांबला.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे विशेष काही नाही."

वहिनीनं हातातली ताटली गवतावर ठेवली. तिनंच मला मराठीत सांगितलं, बातमी वाचावी तसं. "ते म्हणतायत, संगीता उशिरा बोलते. प्रत्येक ओळीला. सगळे संपतात आणि मागून तिचा एकटीचा आवाज येतो. म्हणून गाणं कापलं."

आदल्याच दिवशी ग्रंथालयात मी वाचलं होतं. दुसऱ्या एका शोकांतिकेत राजा भर चौकात मोठ्या आवाजात म्हणतो, दोषी कोण ते शोधून काढा, आणि शोध फिरत फिरत त्याच्याच घरात येतो. वाचताना मी त्या राजाला हसले होते. इतकं साधं कळू नये?

परत येताना

वहिनी ट्रामनं यायला तयार नव्हती. दादा आणि सुजू पुढे गेले, आम्ही दोघी डोंगराच्या कडेच्या पायवाटेनं. उन्हं अजून होती. तिकडे जूनमध्ये जेवण झालं तरी उन्हं असतात. ती नेहमी मला प्रज्ञा म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

"नणंदबाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

मी अन्यायाबद्दल काहीतरी सुरू केलं.

"तुम्ही म्हणजे राजाच्याच पार्टीतल्या. सगळ्यांच्या पुढे येऊन सगळ्यांच्या वतीनं बोलायचं. मागचे काय म्हणतायत ते एकदा वळून बघायचं तरी."

  मग मी विचारलं, वहिनी, उशीर का होतो? जर्मन शब्द आठवत नाहीत?

"शब्द पाठ आहेत गं." ती एका दगडावर बसली. तिचे वडील, दादाचे मामाजी म्हणजे सासरे, वस्तीतल्या जलशाचे शाहीर. आठव्या वर्षापासून ती त्यांच्यामागे झील धरायला उभी राहायची. बाबांची ओळ संपत आली की तिचं शेपूट उचलायचं, आणि संपल्यावर एक क्षण वर न्यायचं. "झील म्हणजे मागून येणारी. आधी आली तर बाबा वळून बघायचे. नुसते बघायचे, तेवढं पुरायचं. आता हेर लांगे ओळ उचलतात, आणि मी..." तिला हसू फुटलं. "मी वाट बघते गं. ते संपायची. अंगातच बसलंय."

म्हणजे जर्मनमध्ये ती चुकतच नव्हती. मराठीत बरोबर होती.

मंगळवार, सभा

पुढच्या तालमीआधी मंडळाची सभा होती. जर्मनीत तीन माणसं एकत्र आली की मंडळ होतं, आणि मंडळ झालं की विषयपत्रिका. प्रेक्षकांना बसायच्या उश्यांचं भाडं झालं, पावसाची व्यवस्था झाली. मग 'इतर विषय' आले. बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा.

वहिनीनं हात वर केला.

मला वाटलं ती माझ्या पत्रकाबद्दल माफी मागणार. दादानं मला दंडाला धरून खाली बसवलं होतं आणि तो कानात भाषांतर करत होता. ती उठली, आणि तिनं जर्मनमध्ये, एकटीनं, मागे कोणी नसताना, तीन छोटी वाक्यं म्हटली.

"मी उशिरा बोलते, हे खरं आहे. गाणं कापू नका. मला कापा."

फ्राऊ होफमान मानेपासून लाल होत गेल्या. त्यांना लपवायचं होतं तेच उघड्यावर आलं होतं, आणि ते माझ्यामुळे. त्या उठून म्हणाल्या, "मी खोटं कारण द्यायला नको होतं." मग कोरसची चर्चा सुरू झाली. ग्रीक नाटकातला कोरस बोलतो तशीच: एकीकडे असं आहे खरं, पण दुसरीकडे तसंही आहे. औषधवाल्या बाईंनी सांगून टाकलं की त्यांना ते गाणं पाठच होत नव्हतं, कापलं तेव्हा बरं वाटलं. अर्धा तास गेला. मी बसल्या जागी फुटायच्या बेतात.

शेवटी हेर लांगेंनी हात वर केला. हे गाव आधी पूर्व जर्मनीत होतं. भिंत पडली त्या वर्षीच्या शरदात ते इथल्याच रस्त्यावर उभे होते.

"हजारो माणसं एकच वाक्य म्हणत होतो," ते म्हणाले. "एका तालात कोणीच नव्हतं. तरी वर सरकारपर्यंत ऐकू गेलं."

मत घेतलं. एक विरोधात, ते औषधवाल्या बाईंचं हे सांगायला नको. गाणं परत आलं, वहिनी जागेवर राहिली. पण फ्राऊ होफमान शिक्षिका होत्या, एक अट आलीच: तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या शब्दावर राजा आत येतो, तिथे गोंधळ चालणार नाही. तो शब्द संगीतानं म्हणू नये. वहिनीनं मान हलवली आणि प्रतीत पेन्सिलीनं एक शब्द खोडला.

मला हा तह मान्य नव्हता. मला कोणी विचारलं नाही.

शनिवार, प्रयोग

लोक उश्या, घोंगड्या आणि सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या घेऊन आले. खाण भरली. राजा होता गावातला दंतवैद्य. निम्मे प्रेक्षक त्याचे पेशंट, त्यामुळे तो चिडला की लोक खरंच दचकत होते. कोरसनं कागदाच्या लगद्याचे अर्धे मुखवटे घातले होते, कपाळापासून नाकापर्यंत. बारा जणांतला एकही ओळखू येईना. वहिनी मात्र उंचीवरून कळत होती.

दादा माझ्या डावीकडे, सुजू उजवीकडे. दादानं हात इतके घट्ट बांधले होते की त्या हातांनी पुन्हा भिंगं धरता येतील का याची मला काळजी वाटली.

तिसरं गाणं आलं. हेर लांगेंनी पहिला शब्द उचलला. शब्द मला कळत नव्हते, पण आता अर्थ माहीत होता: लोक राजाला सांगतात की तू एकटा म्हणजे गाव नव्हेस. ओळीमागून ओळ. आणि मी वहिनीचा आवाज शोधत होते. दर ओळीला तो मागून यायचा, अगदी थोडा, पांढऱ्या दगडावर सावली पडावी तसा. शेवटची ओळ. शेवटचा शब्द 'श्टाट', म्हणजे शहर. अकरा जणांनी तो म्हटला आणि थांबले. राजानं पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं.

उजव्या टोकावरून आला, "श्टाट."

मोठ्यानं नाही. त्यातला ट नागपूरचा, चांगला जाड. खाणीनं तो घेतला, वरच्या कड्यापर्यंत नेला आणि परत दिला. राजा उघड्या तोंडानं तसाच उभा. आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस.  मग राजा बोलायला लागला, आणि मी शपथेवर सांगते, पहिल्यांदाच तो जरा भ्यायलेला वाटला.

सुजूनं माझी बाही ओढली आणि जर्मनमध्ये विचारलं, ते चुकलं का.

माझं प्रत्येक गोष्टीवर मत असतं. मी म्हटलं, "माहीत नाही. आईला विचार."

प्रयोग संपल्यावर खाणीच्या कडेच्या एका खोपटामागे सगळे मुखवटे काढत होते. फ्राऊ होफमान आल्या, थेट वहिनीपुढे उभ्या राहिल्या. दादा सरसावून भाषांतराला पुढे झाला. वहिनीनं त्याला "अहो, राहू द्या" म्हणून बाजूला केलं. पुढचं बोलणं तिनंच मला नंतर सांगितलं.

"हे ठरलं नव्हतं," फ्राऊ होफमान म्हणाल्या.

"नाही," वहिनी म्हणाली. "पण उशीर झाला नव्हता. आज मी मुद्दाम थांबले होते."

फ्राऊ होफमाननी पेन्सिल काढली. उद्याच्या प्रयोगातही थांबणार का, विचारलं. वहिनी हो म्हणाली. "मग ते आजच कळायला हवं," त्या म्हणाल्या, "राजाला तिथे उभं करावं लागेल." आणि प्रतीत लिहून घेतलं. तिथे स्वातंत्र्यसुद्धा मिळतं, फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं.

आता मागणी. मागणीशिवाय मी कागद संपवत नाही.

तुमच्या घरातली एखादी मुलगी, सून, वहिनी नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशात गेलेली असेल. तुम्ही तिला फोन करता. थंडी किती, भाजी मिळते का, जावईबापू बरे आहेत ना, एवढं विचारून ठेवता. या खेपेला यातलं काहीही विचारू नका. तिला विचारा, या आठवड्यात घराबाहेर तू काय बोललीस. ती आधी हसेल, मग विषय बदलेल, मग गप्प बसेल. परदेशचा कॉल महाग पडतो, मला माहीत आहे. तिचं बोलणं सुरू होईपर्यंत फोन ठेवायचा नाही.